पाण्याखालची छायाचित्रे आणि रंगांचा खरेपणा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून इतिहास, साहित्य, अर्थकारण असे भारदस्त विषय आपण नेहमी ऐकता. त्या मानाने आमचा आजचा विषय हलका वाटण्याचा संभव आहे. पाण्याखाली काढलेल्या छायाचित्रांतले रंग बिघडतात का, ते सुधारता येतात का, आणि सुधारावयाचे तर कोठवर, एवढाच तो विषय. मुलुंड-भांडुपच्या डोंगराकडेला राहणाऱ्या आणि रोज लोकलच्या गर्दीत बुडणाऱ्या माणसाला समुद्रात बुडून काढलेल्या चित्रांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील, तर तो प्रश्न रास्तच आहे. म्हणून त्याचे उत्तर आधी देतो.

सुट्टी लागली की आपल्या उपनगरांतली कितीतरी कुटुंबे मालवण-तारकर्लीला जातात. पाठीला हवेचे नळकांडे बांधून मुलेबाळे पाण्याखाली उतरतात, पोवळी पाहतात, मासे पाहतात आणि छायाचित्रे घेऊन परत येतात. घरी येऊन पाहावे, तो सारे चित्र हिरवे-निळे! चेहरे फिके, पोवळी राखाडी, मासे कळाहीन. मग घरातला एखादा जाणता मुलगा फोनवर बोट फिरवतो आणि क्षणार्धात लाल-पिवळे रंग उमटतात. सगळे म्हणतात, "आता कसे छान दिसते!" आमचा प्रश्न एवढाच की, त्या क्षणी नेमके काय झाले? हरवलेले खरे परत मिळाले, की नवे खोटे रंगवले गेले? या प्रश्नावर केवळ सहलीच्या आठवणी अवलंबून नाहीत. समुद्रातली पोवळी जिवंत आहेत की मरणपंथाला लागली आहेत, याचा निवाडाही पुष्कळदा चित्रांवरूनच होतो. म्हणून विषय दिसतो तितका हलका नाही.

प्रथम एक घरगुती गोष्ट ध्यानात घ्या. घाटकोपरच्या किंवा मुलुंडच्या दुकानात साडी घेताना आपल्या माताभगिनी काय करतात? दुकानातल्या दिव्याखाली रंग पसंत पडला, तरी साडी दाराशी उजेडात नेऊन पाहतात. दुकानदाराच्या दिव्यावर त्यांचा विश्वास नसतो. रंग हा वस्तूत जितका असतो तितकाच तिच्यावर पडणाऱ्या उजेडातही असतो, हे शास्त्र त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. पाण्याखालच्या छायाचित्राची अडचण हीच आहे. तेथे साडी दाराशी नेता येत नाही. दुकान समुद्राचे, आणि दिवाही समुद्राचाच.

हा समुद्राचा दिवा निळा का? पूर्वी अशी समजूत होती की, समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब. लॉर्ड रॅलेसारख्या थोर शास्त्रज्ञाचे मतही याच बाजूचे होते. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन विलायतेहून 'नारकुंडा' नावाच्या बोटीने परत येत होते. भूमध्य समुद्राची गडद निळाई पाहून त्यांना ही समजूत पटेना. त्यांनी निकोलच्या लोलकातून पाण्याकडे पाहिले. या लोलकाने पृष्ठभागावरचे प्रतिबिंब वगळता येते. प्रतिबिंब गेले, तरी निळाई गेली नाही. उलट अधिकच खुलली. म्हणजे रंग पाण्याचा स्वतःचा होता. त्या सप्टेंबरात बोट मुंबई बंदरात असतानाच त्यांनी 'नेचर' नियतकालिकासाठी याविषयी टिपण लिहिले. प्रकाश विखुरण्याच्या त्याच अभ्यासातून पुढे १९२८ साली रामन परिणामाचा शोध लागला आणि १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या बंदराचा या गोष्टीशी एवढा संबंध आहे, हे मुंबईकरांनी जरूर लक्षात ठेवावे.

पाण्याच्या रंगाला कारणे दोन. पाण्याचे रेणू निळा प्रकाश अधिक विखुरतात हे एक, आणि पाणी लाल प्रकाश गिळते हे दुसरे. छायाचित्रकाराला छळते ते मुख्यतः हे दुसरे कारण. त्याचा हिशेब आपल्याला सहज समजेल, कारण आपण जकात नाक्याच्या गावचे लोक आहो. १ जुलै २०१७ रोजी मुंबईतली जकात बंद झाली. परंतु मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवरच्या मालमोटारींच्या रांगा आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असतील. समजा, पाण्यात दर मीटरला असा एक नाका आहे आणि प्रत्येक रंग हातात एक रुपया घेऊन निघाला आहे. अगदी शुद्ध पाण्यातसुद्धा ६५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल प्रकाशाकडून पहिल्याच नाक्यावर सुमारे २९ पैसे घेतले जातात. ५५० नॅनोमीटरच्या हिरव्याकडून साडेपाच पैसे, आणि ४५० नॅनोमीटरच्या निळ्याकडून जेमतेम एक पैसा. पुढच्या नाक्यावर जे उरले त्यातून पुन्हा त्याच दराने वसुली. पाच मीटर गेल्यावर लालाच्या हाती १८ पैसे राहतात. दहा मीटरवर तीन पैसे. निळा मात्र दहा मीटरनंतरही ९१ पैसे खुळखुळवीत चालत असतो. समुद्राच्या पाण्यात माती, शेवाळ, कुजलेले पदार्थ असतात. तेथे जकात याहून वाढते, कमी होत नाही.

आता असे पाहा की, ही जकात दोनदा भरावी लागते. उजेड प्रथम पृष्ठभागापासून पोवळ्यापर्यंत खाली येतो, आणि मग पोवळ्यापासून कॅमेऱ्यापर्यंत आडवा जातो. पोवळे चार मीटर खोल आणि कॅमेरा त्याच्यापासून दोन मीटर दूर असेल, तर वाट एकंदर सहा मीटरांची झाली आणि लालाचे १३ पैसे उरले. त्याच चित्रात मागे पाच मीटरवर एक खडक असेल, तर त्याची वाट नऊ मीटरांची. तेथून लालाचे पाच पैसेसुद्धा येत नाहीत. पहिल्या ठिकाणी लाल रंग साडेसात-आठपट वाढवावयास हवा, तर दुसऱ्या ठिकाणी एकवीसपट. फोनवर बोट फिरवून साऱ्या चित्राला एकच मात्रा दिली, म्हणजे पुढचे पोवळे ठीक होते आणि मागचा खडक निळाच राहतो. खडक ठीक करावा, तर पुढचे पोवळे शेंदूर फासल्यासारखे होते. एकाच चित्रात रुग्ण अनेक आणि प्रत्येकाचा आजार वेगळा, असा हा प्रकार आहे.

एवढ्यानेही भागत नाही. पाणी काही घेते, तसे काही घालतेही. कॅमेरा आणि वस्तू यांच्या मधल्या पाण्यात विखुरलेला उजेड थेट कॅमेऱ्यात शिरतो आणि चित्रावर धुक्यासारखा पडदा धरतो. माळशेज घाटात पावसाळ्यात समोरचा डोंगर पांढुरका होतो, तसाच हा प्रकार. फक्त येथे धुके निळे किंवा हिरवे असते. म्हणून खरी दुरुस्ती दोन पायऱ्यांनी करावी लागते. पाण्याने जे घातले ते आधी वजा करावयाचे, आणि मग पाण्याने जे घेतले ते त्या त्या अंतराच्या प्रमाणात भरून द्यावयाचे. हा क्रम चुकवून सरसकट रंग वाढवला, की धुकेही रंगते. घाईने सुधारलेल्या चित्रांत दूरचे पाणी जांभळट दिसते, त्याचे कारण हेच.

समुद्र सगळीकडे एकसारखा नाही, हेही सांगितले पाहिजे. निल्स येर्लोव नावाच्या समुद्रशास्त्रज्ञाने पाण्यातून प्रकाश किती पार जातो यावरून समुद्राच्या पाण्याचे प्रकारच पाडून ठेवले. खुल्या समुद्राचे वेगळे आणि किनाऱ्याचे वेगळे. लक्षद्वीपचे पाणी निळे, कारण तेथे निळ्याला अडवणारे फारसे काही नाही. मालवणचे पाणी पुष्कळदा हिरवट, कारण किनाऱ्याजवळ शेवाळाचे सूक्ष्म कण आणि सडलेल्या पालापाचोळ्याचा पिवळसर अंश निळ्या प्रकाशालाही गिळतात. उरतो तो मधला हिरवा. आमच्या वर्सोवा-मढच्या किनाऱ्याला तर खाड्यांचा गाळ आणि मोठी भरती-ओहोटी. तेथे रंगाची गोष्ट पुढची, आधी वस्तू दिसण्याचीच पंचाईत. म्हणून एका समुद्राचे औषध दुसऱ्याला चालत नाही. निळ्या पाण्यात भिंगापुढे तांबडी काच लावतात, तर हिरव्या पाण्यात गुलाबी-जांभळट काच लावावी लागते. परदेशात निळ्या समुद्रासाठी बेतलेली युक्ती मालवणात वापरली आणि रंग विचित्र आले, तर दोष मालवणच्या समुद्राचा नव्हे.

मग उपाय काय? जुन्या लोकांनी पहिला उपाय फार लवकर ओळखला होता. फ्रान्समधील लुई बुताँ यांनी १८९३ साली बान्यूल्सच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली छायाचित्रे घेतली; ती कृष्णधवल होती, त्यामुळे रंगाचा प्रश्नच आला नाही. रंगीत चित्रासाठी १९२६ साल उजाडावे लागले. विल्यम लाँगले आणि चार्ल्स मार्टिन यांनी फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांपाशी एका माशाचे रंगीत चित्र घेतले. उजेडासाठी त्यांनी पाण्यावर तराफा तरंगत ठेवून त्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवली. काम जिवावरचे होते, पण विचार अचूक होता: उजेड कमी पडतो, तर उजेड वाढवा. पुढे पाण्यात नेता येण्याजोगे दिवे आले, आणि विचार आणखी एक पाऊल पुढे गेला. वरून येणारा लाल प्रकाश वाटेत लुटला जातो ना, मग लाल प्रकाश आपल्याबरोबरच खाली न्यावा. हातातल्या दिव्याचा उजेड पोवळ्यापर्यंत अर्धा मीटर जातो आणि अर्धा मीटर परत येतो. एकूण एकच नाका! राखाडी दिसणारे पोवळे एकदम लाल-नारिंगी होऊन समोर उभे राहते. मात्र दिवा कॅमेऱ्याला चिकटून धरू नये, नाही तर पाण्यातले कण चमकून चित्रात बर्फ पडल्यासारखे दिसते. दिवा बाजूला, आणि कॅमेरा वस्तूच्या शक्य तितका जवळ. सगळ्या यंत्रांपेक्षा हा नियम मोठा आहे. पाणी कमी, तर बिघाड कमी.

ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत राहणाऱ्या जीवांची चित्रे घेणारांना हे चांगले ठाऊक असते. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमातून काही नागरिक आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावरचे जीव टिपून ठेवीत आले आहेत. वीतभर पाण्यातून घेतलेल्या चित्रात लाल रंगाचे जेमतेम सहा-सात पैसे जातात. म्हणजे रंगाच्या खरेपणापुरते बोलावयाचे, तर ओहोटीचे डबके हे खोल समुद्रापेक्षा सोयीचे ठिकाण आहे. आणि त्याला तिकीट फक्त लोकलचे.

आता मर्यादा सांगतो. विजयदुर्गच्या समोर सुमारे शंभर किलोमीटर दूर समुद्रात आंग्रिया बँक नावाचे बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्रे यांचे नाव त्याला मिळाले आहे. त्याचा माथासुद्धा पाण्याखाली सुमारे वीस मीटर. तेथे पोहोचेपर्यंत लालाच्या रुपयाचा हजारावा हिस्सा उरतो. अशा ठिकाणी केवळ सूर्यप्रकाशात चित्र घेतले आणि घरी येऊन लाल रंग हजारपट वाढवला, तर वाढतो तो रंग नव्हे, कॅमेऱ्याची खरखर वाढते. रेडिओवर केंद्र लागत नसताना आवाज वाढवावा, तसे ते आहे. जे कॅमेऱ्यापर्यंत आलेच नाही, ते कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही. फार तर अंदाजाने भरू शकते. भरलेल्या अंदाजाला आठवण म्हणता येईल, पुरावा म्हणता येणार नाही.

येथे एक तत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. वर्सोव्याच्या बाजारात तांबोशी आपण पाहतो. तांबूस म्हणून तांबोशी. पण ती तीस मीटर खोल पाण्यात असेल, तर तेथे लाल प्रकाश जवळजवळ नाहीच. लाल प्रकाश नाही, म्हणजे लाल अंगावरून परतण्यासारखे काही नाही. आपल्या घरी तांबोशी तांबूस नसते. ती काळपट, छायेसारखी असते, आणि शत्रूच्या नजरेतून निसटायला तिला त्याचा उपयोगच होतो. मग तिचा खरा रंग कोणता? कोळणीच्या टोपलीतला, की समुद्रातला? शिवाय पाणबुड्याचा डोळा आणखी तिसरेच सांगतो. माणसाचा मेंदू सवयीने निळा उजेड वजा करतो आणि खाली नेलेली पांढरी पाटी त्याला पांढरीच भासते. कॅमेऱ्याला मेंदू नसतो. तो पाटी निळी दाखवतो, आणि तेवढ्यापुरता तो आपल्यापेक्षा खरा असतो.

आमचे उत्तर असे आहे. दोन्ही रंग खरे, पण दोन वेगळ्या प्रश्नांची ती उत्तरे आहेत. 'समुद्रात ते कसे दिसते' असे विचारले, तर निळसर चित्रच खरे. 'ती वस्तू मुळात कशी आहे' असे विचारले, तर पाण्याची जकात परत करून काढलेला रंग खरा. खोटेपणा रंग बदलण्यात नाही. कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहो, हे न सांगण्यात तो आहे. अंधेरी-गोरेगावकडे चित्रपटांचे रंग जुळवणारे कुशल लोक दिवसरात्र काम करतात. तेथे रंग रसासाठी असतात, प्रेक्षकालाही ते ठाऊक असते. त्यात फसवणूक कोणाची नाही. पण साक्षीदार म्हणून उभ्या केलेल्या चित्राला ती मोकळीक नाही.

ही साक्ष कोठे लागते ते पाहा. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरांचे, आणि त्यात पोवळी आहेत. समुद्राचे पाणी फार दिवस तापले, की पोवळ्याच्या अंगात राहणारे आणि त्याला अन्न पुरवणारे सूक्ष्म शेवाळ निघून जाते. त्याच्याबरोबर रंग जातो आणि पांढरा सांगाडा दिसू लागतो. याला विरंजन म्हणतात. हे फार काळ टिकले, तर पोवळे मरते. मालवणच्या पोवळ्यांवरही गेल्या दहा-बारा वर्षांत असे विरंजन नोंदले गेले आहे. आपल्या मुंबईतही पोवळी आहेत. २०२० साली सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी हाजी अली आणि वरळी येथल्या पोवळ्यांच्या वसाहती उचलून दुसरीकडे लावण्यात आल्या. उचलून लावलेले रोप जगले की नाही, हे पानांच्या रंगावरून माळी सांगतो. पोवळ्याच्या बाबतीतही रंग हीच पहिली खूण.

आता कल्पना करा की, ही खूण टिपणाऱ्या चित्रावर कोणी आपोआप रंग सुधारणारी युक्ती चालवली. अशा साध्या युक्तीचे गृहीत बहुधा असे असते की, चित्रातल्या सगळ्या रंगांची सरासरी राखाडी असली पाहिजे. समुद्र असे वचन देत नाही. तेच पोवळे पांढऱ्या वाळूशेजारी टिपले तर एका रंगाचे निघते, आणि निळ्या पाण्यासमोर टिपले तर दुसऱ्या रंगाचे. विरंजन झालेल्या पोवळ्यावर उबदार पिवळसर छटा चढली, तर आजारी पोवळे निरोगी दिसते. उजळपणा अति वाढवला, तर निरोगी पोवळे आजारी दिसते. पहिल्या चुकीने आपण निष्काळजी राहू, दुसरीने उगाच हाकाटी करू. रोग्याच्या गालाला रंग लावून वैद्यापुढे बसवण्यासारखे हे आहे.

यावर तोड आहे, आणि ती महागडी नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या 'कोरलवॉच' उपक्रमाने २००२ साली पोवळ्यांच्या आरोग्यासाठी एक रंगतक्ता प्रचारात आणला. फिक्यापासून गडदापर्यंतच्या छटांचा हा तक्ता पोवळ्याशेजारी धरावयाचा आणि जुळणारी छटा नोंदवावयाची. युक्ती पाहा किती सरळ आहे! तक्ता आणि पोवळे एकाच उजेडात, एकाच पाण्यात. समुद्र जी जकात पोवळ्याकडून घेतो, तीच तक्त्याकडून घेतो. मग दोघांची तुलना करावयास पाण्याचा अडथळा उरत नाही. चित्रात असा ज्ञात रंगांचा साक्षीदार ठेवला, की दुरुस्तीला आधार मिळतो.

मोठ्या शास्त्रातही हाच विचार आहे. दर्या अक्कायनाक आणि ताली ट्रेबिट्झ या दोन विदुषींनी २०१९ साली 'सी-थ्रू' नावाची रीत मांडली. एकाच जागेची अनेक चित्रे घेऊन चित्रातल्या प्रत्येक बिंदूचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर काढावयाचे, त्यावरून धुक्याचा पडदा वजा करावयाचा आणि मग ज्याची जेवढी जकात तेवढी परत द्यावयाची. त्यात सुंदर दिसावे म्हणून केलेली भर नाही, हिशेब आहे. म्हणूनच तिचे मोल.

श्रोतेहो, समारोपाला सांगावयाचे ते आपल्या हातात असलेल्या गोष्टींबद्दल. यापुढे आपण किंवा आपली मुले पाण्याखाली उतराल, तेव्हा एक पांढरी पाटी किंवा साधा रंगतक्ता बरोबर न्यावा आणि एका चित्रात तरी तो येऊ द्यावा. खोली किती होती ते लिहून ठेवावे. मूळ चित्र पुसू नये. सुधारलेले त्याच्या शेजारी ठेवावे. आणि ते चित्र चारचौघांना दाखवताना, विशेषतः आपल्या किनाऱ्याची स्थिती सांगण्यासाठी दाखवताना, रंग सुधारले आहेत एवढी एक ओळ खाली घालावी. मालवणचा समुद्र हिरवट असेल, तर तो हिरवट दाखवण्यात मालवणचा अपमान नाही. परक्या समुद्राचा रंग त्याला फासून आपण त्याचे कौतुक करीत नाही, त्याची ओळखच पुसतो. आणि ज्याची ओळख पुसली, त्याचे दुखणे कोणाच्या लक्षात येणार?

पाण्याने घेतलेले पाण्याकडून हिशेबाने परत घ्यावे, आणि जे मिळतच नाही ते मिळाले नाही असे सांगावे. रंगांच्या बाबतीत न्याय तो एवढाच.